नववा रकाना

मोजणीच्या पहिल्याच दिवशी सांख्यिकी सहायकांना गोळ्या मिळाल्या.

त्याचं असं झालं. आरोग्यसेवेत सुधारणा होऊन दीड वर्ष उलटलं होतं आणि सुधारणा झाली म्हणजे नेमकं काय झालं, हे वरच्यांना आता आकड्यांत हवं होतं. म्हणून कार्यालयातल्या एकेका सहायकाला एकेक सरकारी रुग्णालय वाटून दिलं. आपल्या या सहायकांच्या वाट्याला आलं ते शहराच्या जुन्या भागातलं, दुमजली, जिन्याच्या कठड्याला तीन वेगवेगळे हिरवे रंग दिलेलं. तळमजल्यावर ओपीडी. तिथे समोरासमोर दोन खोल्या, चार नंबर आणि पाच नंबर. मध्ये व्हरांडा, आणि व्हरांड्यात दोन्ही भिंतींना लागून बाकं. काम अगदी सरळ होतं. रुग्ण आत गेला की घड्याळ सुरू करायचं, बाहेर आला की बंद करायचं, आणि आठ रकान्यांच्या छापील नमुन्यात वेळ भरायची. तीन आठवडे, रोज सकाळचे चार तास. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ज्या खोलीची कार्यक्षमता कमी भरेल, ती वर्षअखेर बंद करून तिथला डॉक्टर दुसरीकडे हलवायचा, असंही आदेशात होतं. पण ते शेवटच्या पानावर होतं, आणि सहायकांनी शेवटचं पान घरी जाऊन वाचायचं ठरवलं होतं.

तर सहायक चार नंबरच्या दारापाशी बाकावर बसले. मांडीवर पॅड, हातात कार्यालयाचं मोजणीचं घड्याळ. बाकावर एका जागी बसून राहणं हीच तिथे रुग्ण असल्याची खूण असते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. बाकावरची रांग पुढे सरकत होती तसे तेही सरकत होते. शेवटी सिस्टरनी त्यांच्या खांद्याला हात लावला, म्हणाल्या, "चला, आत," आणि मागच्या माणसाच्या रेट्यानं ते आत गेले. सवयीनं त्यांनी घड्याळ सुरू केलं.

डॉक्टर लिहीत होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "किती दिवस?"

"तीन आठवडे," सहायक म्हणाले. आदेशात तसंच होतं.

"बसून काम?"

"हो, बसूनच आहे."

"जळजळ होते?"

"अजून तरी नाही."

"होईल. जेवणाआधी एक, जेवणानंतर एक. पुढचा."

सहायक बाहेर आले तेव्हा घड्याळात एक मिनिट दहा सेकंद झाले होते आणि त्यांच्या हातात चिठ्ठी होती. नमुन्याच्या मागे सूचना छापली होती की आत जाणारी व बाहेर येणारी प्रत्येक व्यक्ती नोंदवावी. सहायक नियमाचे पक्के. त्यांनी स्वतःची नोंद एकतिसावा रुग्ण म्हणून केली.

घरी बायकोनं गोळ्यांची पुडी उलटसुलट करून पाहिली. "तुम्हाला काय झालंय?"

"काही नाही."

"मग या कशाच्या?"

"ते विचारायला वेळ नव्हता."

बायको शाळेत भूमिती शिकवायची. सिद्ध न झालेली गोष्ट ती घरात ठेवत नसे. पुडी कचऱ्यात गेली. समोरच्या दारात राहणारे निवृत्त हेडक्लार्क हे सगळं ऐकत उभे होते, कारण त्यांचं दार आणि यांचं दार दोन्ही दिवसभर उघडी असत. ते म्हणाले, "मोजणीच्या कामात एक लक्षात ठेवा. जे विचारलंय तेवढंच लिहायचं. मी सदतीस वर्षं तेवढंच लिहिलं आणि अख्खा निवृत्त झालो." अख्खा म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही. पण ते उभे राहिले होते तसे, कंबरेवर हात ठेवून, खरोखरच अख्खे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सहायकांनी गळ्यात ओळखपत्र अडकवलं आणि पाच नंबरसमोर खुर्ची मांडून बसले. बाक नको, खुर्ची; तिथून चार नंबरचं दारही दिसे. पाच नंबरमध्ये डॉक्टरीणबाई होत्या, पन्नाशीच्या, चष्म्याची दोरी गळ्यात. पहिला रुग्ण आत गेला तो बाहेरच येईना. सहायकांना वाटलं, घड्याळ बंद पडलं. त्यांनी ते कानाला लावून पाहिलं. अकरा मिनिटांनी रुग्ण बाहेर आला आणि त्याच्यामागून डॉक्टरीणबाईही.

"तुम्ही काय मोजताय?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, खरंच माहिती हवी म्हणून.

"वेळ."

"माझी की त्यांची?"

सहायकांनी नमुना पाहिला. 'प्रति रुग्ण कालावधी' असं लिहिलं होतं. कालावधी कुणाचा ते लिहिलं नव्हतं. "दोघांची मिळून," ते म्हणाले. बाईंनी मान हलवली, जणू एखाद्यानं आपलं दुखणं बरोबर सांगितलं असावं, आणि त्या आत गेल्या.

व्हरांड्यानं दोघा डॉक्टरांची नावं कधीच ठेवून टाकली होती. चार नंबर म्हणजे 'झटपट' आणि पाच नंबर म्हणजे 'सावकाश'. नोंदणीच्या खिडकीवरचा कारकून आलटून पालटून चिठ्ठ्या द्यायचा, एक चारची, एक पाचची. पण पाचची चिठ्ठी मिळालेली निम्मी माणसं तासाभरानं कंटाळून, सिस्टरना हातापाया पडून चारच्या रांगेत जायची. कुणाला कामावर जायचं असे, कुणाची पोरं शाळेतून सुटायची असत. पहिल्या आठवड्याच्या शेवटी आकडे असे होते: चार नंबर, रोज सरासरी चौऱ्याण्णव रुग्ण, प्रत्येकी दोन मिनिटं पाच सेकंद. पाच नंबर, बावीस रुग्ण, नऊ मिनिटं चाळीस सेकंद. कार्यक्षमतेचं सूत्र लावलं तर चारला शंभर आणि पाचला तेवीस. घरी त्या दिवशी सहायकांनी आदेशाचं शेवटचं पान वाचलं, आणि त्यांना जेवण गेलं नाही. तसं त्यांचं कुणाशी काही नव्हतं. पण तेवीस हा आकडा त्यांना शाळेत गणितात एकदा मिळाला होता, आणि त्या आकड्याबद्दल त्यांच्या मनात जुनी कणव होती.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. सहायकांना चेहरे लक्षात राहत नसत. सख्ख्या मेव्हणीला त्यांनी एकदा बसथांब्यावर "बाई, ही बस कुठे जाते" असं विचारलं होतं आणि त्याचा निकाल अजून लागलेला नव्हता. पण रोज चार तास एकाच व्हरांड्याकडे पाहत बसलं की माणसाचा इलाज चालत नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांना जाणवू लागलं की आपण काही लोकांना ओळखतो. निळा मफलर गुंडाळून खोकणारा एक उंच माणूस सोमवारी आला होता, बुधवारी आला, शुक्रवारी परत आला. कापडी पिशवी पोटाशी धरून बसणाऱ्या एक आजी तर त्यांच्याकडे बघून ओळखीचं हसायला लागल्या. सहायकांनी खिशातल्या डायरीत लिहायला सुरुवात केली: 'मफलर, तिसऱ्यांदा. पिशवीच्या आजी, चौथ्यांदा. पायाला पट्टी, दुसऱ्यांदा.' कार्यालयासाठी नाही, आपलं असंच.

मग त्यांना वाटलं, हे केसपेपरवरून नीट काढता येईल. ते नोंदणीच्या खिडकीवर गेले. कारकून म्हणाला, "सुधारणा झाल्यापासून दर खेपेला नवा केसपेपर, नवा नंबर."

"नावावरून शोधता येईल?"

"नाव ऐकू येतं तसं लिहितो. पंखा लावलेला असला तर वेगळं ऐकू येतं."

"मग वयावरून?"

कारकुनानं त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. "साठीवरच्यांची रांग वेगळी असते, साहेब. रांग कुठली छोटी आहे ते बघून लोक वय सांगतात. त्या पिशवीच्या आजी आहेत ना? मंगळवारी बावन्न वर्षांच्या असतात."

म्हणजे कागदावर या रुग्णालयात कुणीच दुसऱ्यांदा येत नव्हतं. जो येई तो नवा. निळा मफलर हे तीन रुग्ण होते आणि तिन्ही झटपट डॉक्टरांच्या खात्यात तपासून झालेले म्हणून जमा होते.

तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला मफलरवाल्याला पाचची चिठ्ठी आली आणि तो थांबला. दार अर्धवट उघडं होतं. सहायकांना आतलं ऐकू येत होतं, आणि ऐकू नये असं सूचनांमध्ये कुठे नव्हतं.

"काम कुठे करता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"लाकडाच्या कारखान्यात. पण मी कापणीवर नाही बाई, मी हिशेबावर बसतो. धूळ येत नाही तिथे."

"आणि झोपता कुठे?"

मफलरवाला म्हणाला, "गोदामात. भुशाची पोती आहेत ना, त्यांवर. मऊ असतात."

तेरा मिनिटं. त्यानंतर तो माणूस व्हरांड्यात दिसला नाही. दहा-बारा दिवसांनी सहायकांना तो रस्त्यात दिसला, मफलर नव्हता, आणि आधी ओळख पटेना. त्यानंच हात केला.

पिशवीच्या आजींना चक्कर यायची. चार नंबरमधून त्यांना चारदा चक्करेच्या गोळ्या मिळाल्या होत्या. पाच नंबरमध्ये त्या गेल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांची पिशवी घेतली आणि टेबलावर उपडी केली. औषधाची पाकिटं, पुड्या, अर्धे पत्ते, एक रुमाल, एक चावी. बाई एकेक पाकीट चष्म्याजवळ नेऊन वाचत राहिल्या. रक्तदाबाची एकच गोळी चार वेगवेगळ्या नावांनी निघाली. आजी इमानेइतबारे चारही घेत होत्या.

"रक्तदाब एवढा कमी केला तर चक्कर नाही येणार तर काय होणार, आजी."

"सगळ्या सरकारनंच दिल्यात," आजी म्हणाल्या. "मी मनानं एक घेतली नाही."

एकोणीस मिनिटं. त्या एका आजींनी पाच नंबरची त्या दिवसाची सरासरी पार बुडवली. सहायक घड्याळ हातात धरून बसले होते आणि आकडा लिहायला त्यांचा हात धजत नव्हता. लिहिला मात्र त्यांनी. एकोणीसच लिहिला.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्यांनी डायरी जुळवली. चार नंबरला पंधरा दिवसांत एक हजार चारशे दहा रुग्ण. त्यांतले पाचशे आठ पुन्हा आलेले, काही तर पाचव्यांदा. पाच नंबरला तीनशे तीस. पुन्हा आलेले अकरा, आणि त्यांतल्या नऊ जणांना बाईंनीच बोलावलं होतं. नमुन्यात हे लिहायला जागा नव्हती. आठ रकाने होते, आठही भरले होते.

रविवारी दुपारी सहायकांनी जेवणाच्या टेबलावर साठ नमुने पसरले आणि बायकोला म्हणाले, "एक सरळ रेघ मारून देशील?"

"किती?"

"साठ."

बायकोनं पट्टी काढली. भूमितीच्या शिक्षिकेला कुणी आपणहून रेघ मागत नाही, त्यामुळे ती मनातून खूश असावी. विसाव्या रेघेपाशी तिनं विचारलं, "रकान्यात भरणार काय?"

"कोण पुन्हा आलं ते."

"आणि ते तुम्ही चेहऱ्यावरून ओळखलंत."

"हो."

एकविसावी रेघ मारण्याआधी तिनं बहिणीला फोन लावला, ही बातमी तिला आधी कळायला हवी म्हणून.

हेडक्लार्क उंबऱ्यात उभे राहून बघत होते. त्यांचा चेहरा उतरला. "छापील नमुन्यावर रेघ? अहो, माणूस आकडा चुकला तर सावरून घेतात. रेघ मारली तर कुणी घेत नाही. तिथे शेरा लिहायचा असतो, शेरा. शेरा कुणी वाचत नाही, त्यामुळे कुणाचं वाईट होत नाही."

ते अनुभवाचे बोल होते. सोमवारी आवक शाखेतल्या बाईंनी गठ्ठा हातात घेतला, वरचा कागद पाहिला आणि परत केला. "आठ रकाने आवक होतात. नववा मी कुठे आवक करू?"

"नमुने शाखेकडून परवानगी आणतो."

नमुने शाखेत त्यांना सांगण्यात आलं की रकाना वाढवण्यासाठी अर्ज ज्या नमुन्यात करायचा असतो, त्यात रकान्याचा छापील क्रमांक लिहावा लागतो. नसलेल्या रकान्याला क्रमांक नसतो. सबब अर्ज करता येत नाही. ते सांगणारा माणूस अतिशय सभ्य होता. त्यानं सहायकांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि आपल्याच बोलण्यानं तोही थोडा वेळ विचारात पडला.

आठवड्यानं मेमो आला. 'शासकीय नमुन्यात विनापरवानगी हस्तलिखित रेषा ओढल्याबद्दल (एकूण साठ) खुलासा करावा.' एकवीस वर्षांच्या नोकरीतला पहिला मेमो. सहायक दोन दिवस कुणाच्या नजरेला नजर देईनात. त्यांना मेमोपेक्षा 'ओढल्याबद्दल' हा शब्द लागला होता. जणू त्यांनी रेघ कुठून तरी फरफटत आणली होती. बायको म्हणाली, "रेघा मी मारल्यात आणि त्या सरळ आहेत, असं लिहा." त्यांनी तसं लिहिलं नाही. चार पानी खुलासा लिहिला, मफलर, पिशवी, भुशाची पोती, सगळं घालून, आणि स्वतः उपसंचालकांच्या हातात दिला.

उपसंचालक गडबडीत होते. त्यांनी पानं चाळली. "म्हणजे लोक पुन्हा पुन्हा येतात?"

"हो साहेब. चार नंबरला पाचशे आठ."

"पाचशे आठ," उपसंचालक म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो, मग हे आधी का नाही सांगितलं? केवढा विश्वास आहे लोकांचा. नववा रकाना हवाच."

सहायक काही सांगणार तोवर फोन वाजला. या भेटीला दोन मिनिटं लागली. घड्याळ नव्हतं, पण आता त्यांना अंदाज यायला लागला होता.

पुढच्या तिमाहीचे नमुने छापून आले ते नऊ रकान्यांचे. नववा: 'पुन्हा आलेले रुग्ण (विश्वास निर्देशांक).' एव्हाना रुग्णालयांना कळवलं होतं की यापुढे आकडे डॉक्टरांनी स्वतः भरावेत. पाचशे आठबद्दल चार नंबरच्या डॉक्टरांना चौकटीतलं प्रशस्तिपत्र मिळालं. नव्या रकान्याचे गुण धरून पाच नंबर तेवीसवरून चौदावर आला आणि वर्षअखेर ती खोली बंद करण्याचा कागद टाईप व्हायला गेला.

ज्या रेघेसाठी एवढा अपमान गिळला, त्याच रेघेनं बाईंची खोली जात होती. सहायकांना रुग्णालयात तोंड दाखवावंसं वाटेना, पण गेले. आधी झटपट डॉक्टरांनीच त्यांना हाक मारून आत घेतलं. प्रशस्तिपत्र दाराच्या मागे टांगलं होतं, दार उघडं असलं की दिसणार नाही असं.

"प्रशस्तिपत्रासोबत तुमचा खुलासाही आला होता, मी वाचला," डॉक्टर म्हणाले. आज ते वर बघून बोलत होते. "पाचशे आठ. मला त्यांतली वीस माणसंही ओळखता आली नसती. तुम्ही दाराबाहेर बसून ओळखलीत."

"मला तसं म्हणायचं नव्हतं, डॉक्टर."

"म्हणा की. खरं आहे ते. पण बाहेर बघा." बाहेर बाकं भरून माणसं भिंतीला टेकून उभी होती. "मीही नऊ मिनिटं द्यायला लागलो तर यांतले सत्तर जण रोज तसेच घरी जातील. त्यांतल्या कुणाला काय झालंय, हे मला दोन मिनिटांत निदान वासानं तरी कळतं. सुरुवातीला मीही विचारायचो हो, कुठे राहता, काय खाता." त्यांनी पेनानं समोरच्या खोलीकडे दाखवलं. "त्यांची खोली बंद झाली ना, तर ते बावीस जणही माझ्याकडेच येतील. मग दीड मिनिट."

सिस्टरनी दारातून डोकावलं आणि डॉक्टर पुन्हा लिहायला लागले. सहायकांनी या भेटीतून एवढंच घेतलं की आजवर ते दोन डॉक्टरांची शर्यत समजून जे मोजत होते, ती शर्यत नव्हतीच. एक रांग होती आणि ती दोघांच्या मिळून अंगावर येत होती.

त्यानंतर जी आढावा बैठक झाली, तिच्यात सहायकांना बोलायला सांगितलं नव्हतं. ते उठून उभे राहिले.

"साहेब, नववा रकाना वाढला तर ते वाईट समजायचं. माणूस बरा झाला नाही म्हणून परत येतो."

उपसंचालकांनी चष्मा काढला. "वाढला की वाईट, असा आकडा आपण आपणहून कशाला ठेवायचा?"

"ताप मोजतात, साहेब. तोही वाढला की वाईटच असतो."

खोलीत कुणी हसलं नाही, पण कुणीतरी पेन खाली ठेवलं. उपसंचालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी तीन-चार वेळा 'ताप' हा शब्द मनाशी म्हटला असावा. त्यांनी रकान्याचं नाव खोडलं आणि खाली मोठ्या अक्षरात टीप छापायला सांगितली: 'हा आकडा कमी असणे चांगले.' पाच नंबरचा कागद पुढच्या तिमाहीपर्यंत बाजूला ठेवला. सहायक घरी आले ते अंगात नवा शर्ट असल्यासारखे. हेडक्लार्कांनीही दारातून मान डोलावली, आणि म्हणाले, "टीप मोठ्या अक्षरात छापायला नको."

त्यांचं म्हणणं तीन महिन्यांनी कळलं. एकूण एकेचाळीस रुग्णालयांचे नमुने आले. नवव्या रकान्यात शून्य. शून्य. शून्य. मोठी रुग्णालयं, लहान रुग्णालयं, शून्य. सबंध विभागात कुणीही एकदा औषध घेऊन दुसऱ्यांदा आलेलं नव्हतं. सहायक एकेक नमुना उलटत गेले आणि त्यांना आपल्या कार्यालयाच्या भिंती अंगावर आल्यासारख्या वाटल्या. त्यांच्याच रुग्णालयाच्या चार नंबरलाही शून्य होतं, पण ते शून्य पेन्सिलीनं, अगदी फिकं काढलेलं होतं. लिहिणाऱ्याला ते तिथे नको असावं. त्याच्याखाली पाच नंबर. तिथे शाईनं लिहिलं होतं, सतरा.

उपसंचालकांनी त्यांना बोलावून घेतलं. "सगळीकडे शून्य आहे. फक्त एका खोलीत सतरा. तिथे काहीतरी गडबड आहे. जाऊन चौकशी करा."

"एकेकाळी पाचशे आठ होते साहेब, समोरच्याच खोलीत."

"ते टीप येण्याआधीचे," उपसंचालक म्हणाले आणि चौकशीचा आदेश पुढे सरकवला.

सहायक पुन्हा त्या व्हरांड्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी नोंदवही पुढे ठेवली. सतरा ओळी होत्या आणि प्रत्येकीपुढे शेरा. 'मीच बोलावलं होतं.' 'औषध मानवलं नाही, चूक माझी.' 'सांगितलेलं समजलं नव्हतं, पुन्हा सांगितलं.' 'नवऱ्यासमोर बोलता आलं नव्हतं म्हणून एकट्या आल्या.' एका ओळीपुढे नुसतं लिहिलं होतं: 'बरं वाटतंय हे सांगायला आले.'

"यांना तरी वगळायचं होतं," सहायक म्हणाले. "ते तर बरे झालेत."

"पण आले होते ना."

"बाई, बाकी चाळीस ठिकाणी शून्य आहे. शून्य लिहिलं असतं तर कुणी बघितलंही नसतं."

"लिहायला घेतलं होतं मी." बाईंनी चष्मा दोरीवर सोडला. "मग वाटलं, ही सतरा माणसं इथे खुर्चीवर बसून गेली. शून्य लिहिलं तर यांना बसवू कुठे?"

सहायकांनी चौकशीचा आदेश काढून शेवटचं पान आधी वाचलं. या खेपेला त्यांनी तो धडा घेतला होता. शेवटच्या पानावर नेहमीचा मजकूर होता: चौकशी प्रलंबित असेपर्यंत संबंधित खोली बंद करणे किंवा अन्य कोणताही बदल करू नये. आणि त्याखाली: चौकशी प्रत्येक रुग्णाला समक्ष भेटून करावी. मुदत या शब्दापुढे कुणी काही भरलेलंच नव्हतं.

त्यांनी ते पान बाईंपुढे धरलं. बाईंनी वाचलं, परत एकदा वाचलं.

"सतरा जणांना समक्ष," त्या म्हणाल्या. "घरं लांब लांब आहेत हो त्यांची."

"चालेल. मी नीट विचारणार आहे. घाई करून चालायचं नाही."

पहिला रुग्ण राहायला होता शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर. तो घरी नव्हता. दुसऱ्या खेपेला होता, पण झोपला होता आणि सहायकांनी उठवलं नाही. तिसऱ्या खेपेला त्यानं आपल्या आजाराची हकिकत लहानपणापासून सांगितली आणि सहायकांनी ती सगळी उतरवून घेतली. घरी बायको म्हणाली, "हल्ली तुम्ही माझंही पूर्ण ऐकता." तिला ते बरं वाटलं की संशय आला, हे तिच्या आवाजावरून कळत नव्हतं.

चार महिन्यांनी उपसंचालकांचं स्मरणपत्र आलं: चौकशी कुठवर आली, उलटटपाली कळवावे. एव्हाना पाच नंबरनं नवी तिमाहीही शाईनंच भरून पाठवली होती. हेडक्लार्क उंबऱ्यात येऊन उभे राहिले. "काय लिहिणार?"

"जे विचारलंय तेवढंच," सहायक म्हणाले, आणि त्यांनी लिहिलं:

'चौकशी चालू आहे. सतरापैकी सहा रुग्ण झाले. या तिमाहीतले नवीन बारा धरून तेवीस बाकी.'